काच साफ ठेवणारा मासा

अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. झुऑलॉजी माझा मुख्य विषय. कॉलेज सोड असं मला कुणी सांगितलं नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे घरात ह्यावरून जेव्हा जेव्हा बोलणं निघालं तेव्हा प्रत्येकानं हेच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं. खरंच कुणी सांगितलं नाही. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "आज राहू दे गं शशी, डॉक्टर येणार आहेत." मग म्हणाली, "हा आठवडा तेवढा राहू दे." त्यानंतर कुणी काही म्हणेनासं झालं आणि मीही विचारेनाशी झाले. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले, वैनी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, दुकान. उरले मी. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख कधी येऊन गेली ते मला मैत्रिणीच्या पत्रावरून कळलं, आणि ते पत्र मी अप्पांची चादर वाळत घालताना वाचलं.

मल्लेश्वरममधलं आमचं घर म्हणजे पुढे शिलाईचं दुकान आणि मागे ओळीनं तीन खोल्या. दुकानातल्या तीन मशिनींची खटखट दिवसभर आत ऐकू यायची. त्यातली अप्पांची कोणती ते मी स्वयंपाकघरात बसून सांगू शकत असे. बाही जोडताना ती लांब, सरळ धावे, कॉलर आली की थांबत थांबत, विचार केल्यासारखी चाले. आता ती गप्प होती आणि बाकीच्या दोघींचा आवाज उगीचच मोठा वाटायचा. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन उतरल्याचा वास, मग सारूच्या, म्हणजे डाळीच्या पातळ साराच्या, फोडणीचा हिंग, आणि थंडीच्या दिवसांत अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा तो तेलकट हिरवा वास. शेंगांचा ढीग पुढ्यात घेऊन आई आणि वैनी मागच्या पायरीवर बसत, दाणे सोलून भिजवत आणि दुसऱ्या दिवशी ते एकेक चिमटून त्यांची सालं काढत. वैनी बेळगावकडच्या. आम्ही मराठीतच बोलत असताना मध्येच 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणतो ह्याचं त्यांना सुरुवातीला हसू यायचं. पुढे त्याही म्हणू लागल्या, आणि हसणंही हळूहळू थांबलं.

अप्पांच्या आयुष्यात चैनीची म्हणावी अशी एकच वस्तू होती. माशांची टाकी. रेल्वेतल्या एका साहेबाचे कोट ते वर्षानुवर्षं शिवत. तो गाव सोडून परदेशी निघाला तेव्हा जाताना ती टाकी, स्टँड आणि हवेचा पंप अप्पांना देऊन गेला. अप्पा मुळात अबोल. गिऱ्हाइकाच्या मापाचे आकडे सोडले तर दिवसाकाठी त्यांच्या तोंडून वीस वाक्यं निघत नसतील. पण सकाळी दुकान उघडायच्या आधी ते टाकीपुढे उभे राहत, चिमटीतून खाणं सोडत आणि माशांशी काहीतरी पुटपुटत. चार एंजल मासे होते, हाताच्या पंजाएवढे, चपटे, संथ. अप्पांनी त्यांना कापडांची नावं ठेवली होती. मलमल, पॉपलीन, साटीन आणि जो काळा होता तो गॅबर्डीन. आम्हा भावंडांना त्यांनी कधी लाडाच्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण आठवत नाही, हेही खरं.

झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. तोंडातून 'बा' एवढाच आवाज निघे. पाणी हवं असलं तरी बा, कूस वळवायची असली तरी बा. डावा हात चाले. त्या हातानं ते कॉटच्या पट्टीवर थापा मारत आणि आम्ही सगळे ओळखायचा खेळ खेळत बसायचो. अण्णानं एक चांगली गोष्ट केली. दुकानातल्या कारागिरांना हाताशी घेऊन त्यानं टाकी मधल्या खोलीत आणली आणि अप्पांच्या कॉटसमोर, खिडकीखाली ठेवली, पडल्या पडल्या दिसावी म्हणून. ती आल्यापासून अप्पांच्या थापा निम्म्यानं कमी झाल्या. मी त्यांना भरवायला बसायची. सकाळी दुधात कुस्करलेली इडली, दुपारी सारूभात अगदी मऊ करून, संध्याकाळी नाचणीची आंबील. एक घास गिळायला त्यांना फार वेळ लागे. तेवढा वेळ ते मासे बघत आणि मी खिडकीबाहेरचा रस्ता बघत असे, जिथून कॉलेजच्या मुली आठवड्याचे सहा दिवस जात.

खिडकी पूर्वेची. सकाळचं ऊन थेट टाकीवर यायचं आणि दहा दिवसांत काच हिरवी व्हायला लागली. आधी नुसती झाक, मग ठिपके, मग साय धरल्यासारखा थर. अप्पांना मासे धूसर दिसू लागले की ते अस्वस्थ होत, डाव्या हातानं हवेत पुसल्यासारखं करत. म्हणून दर रविवारी मी टाकीत कोपरापर्यंत हात घालून जुन्या ब्लेडनं शेवाळ खरवडायची. कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नसे. त्या हातांनी तुम्ही पोळ्या लाटू नका, असं वैनी एकदा बोलल्या. मुद्दाम दुखवायला बोलल्या नसतील. पण मी त्या दिवशी जेवले नाही.

एका रविवारी अण्णा मधल्या खोलीत आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे दर आठवड्याला कशाला करत बसतेस? शेवाळ खाणारे मासे मिळतात. एक सोडला की झालं."

"मिळतात," मी म्हटलं. "पण बघून घ्यायला लागतो. आणि आधी टाकी उन्हातनं हलवली तर—"

"अप्पांना दिसायला नको? चल, आत्ताच जाऊ."

तीन आठवड्यांत मी प्रथमच घराबाहेर पडत होते. केस नीट विंचरले, चांगली साडी नेसले. मला शरम वाटते सांगायला, पण मी आनंदात होते. मासे हा त्या घरात मला एकटीला ठाऊक असलेला विषय होता. कॉलेजच्या लायब्ररीत पाळीव माशांवरचं एक फाटकं पुस्तक होतं, ते मी पुन्हा पुन्हा आणून वाचलं होतं. वाटेत मी अण्णाला सांगत होते की सगळे शेवाळखाऊ सारखे नसतात, काही वाढून फूटभर होतात, काही मोठेपणी शेवाळ सोडून भलतंच खायला लागतात. तो "हं, हं" करत चालला होता.

माशांचं दुकान एका अरुंद गल्लीत, फुलवाल्यांच्या मागे होतं. मालक म्हातारा, कन्नडच बोलायचा. त्यानं दोन टाक्यांकडे बोट केलं. एकीत राखाडी, किरकोळ मासे होते, डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक काळी रेघ. दुसरीत पिवळेधमक, सोन्याचं पाणी दिल्यासारखे, काचेला तोंडानं चिकटून बसलेले. अण्णाचा हात पिवळ्यांकडेच गेला.

"अण्णा, हा नको," मी म्हटलं. "लहान आहे तोवर काच साफ करतो. मोठा झाला की चपट्या माशांच्या अंगाला चिकटतो. त्यांच्या कातडीवरचा चिकटा खातो. आपले एंजल संथ आहेत, त्यांना पळता यायचं नाही. तो रेघवाला घे."

"तो? तो तर मेल्यासारखा दिसतो. अप्पांना बघायला काहीतरी छान नको?" मग मालकाकडे वळून त्यानं कन्नडात विचारलं, "काय हो, हा काच साफ करतो ना?"

"करतो की सर. मोठा झाला की स्वल्प मस्ती करतो. पण फर्स्ट क्लास मासा."

"मस्ती काय, सगळेच करतात," अण्णा हसला. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा त्याचं हसू गेलं. "शशी, दीड वर्ष कॉलेजात जाऊन आलीस म्हणजे प्रोफेसर नाही झालीस. सरी, हाच द्या."

मालकासमोर बोलला. मला मागे वळून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहावंसं वाटलं आणि मी तशी जाऊन उभी राहिले. पाण्यानं फुगवलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन तो आला आणि ती धरायला माझ्याकडे दिली.

आज कुठलीही शाळकरी मुलगी फोनवर दोन शब्द टाकून ह्या माशाचे गुण सांगेल. तेव्हा माझ्याजवळ माझा शब्द होता आणि तो मी दिला होता. माझ्या बाजूनं एवढंच मला मांडता येतं. पुढचं सगळं माझ्या विरुद्ध जातं.

सुरुवातीला त्या माशानं अण्णाचं नाव राखलं. आठवड्याभरात काच अशी झाली की पाणी आहे की नाही कळू नये. दिवसभर तो वरून खाली, खालून वर, हळूहळू सरकत शेवाळ टिपत असे. अप्पा त्याच्याकडे बघत राहत आणि त्यांच्या तोंडाची चांगली बाजू जराशी वर जाई. त्या महिन्यांत अप्पांना भेटायला कुणी आलं की अण्णा टाकीकडे हात करून म्हणे, "मी आणला. बघा काच." माझे रविवार मोकळे झाले. त्या मोकळ्या रविवारी मी काय केलं असेल? अप्पांच्या उशांचे अभ्रे शिवले.

मग तो वाढला. बोटाएवढा झाला, बोटाहून जाड झाला, आणि काच पुन्हा हिरवी होऊ लागली. मी न बोलता ब्लेड काढलं. एका दुपारी अप्पांना सारूभात भरवताना टाकीत काहीतरी पांढरं झपकन हललं म्हणून मी पाहिलं, तर तो मलमलच्या कुशीला चिकटला होता. ती अंग झटकत होती, टाकीभर फिरत होती आणि तो तिच्याबरोबर ओढला जात होता. सुटला तेव्हा तिच्या अंगावर गोल फिकट डाग होता.

जाळी टाकीच्या बाजूला खिळ्यालाच अडकवलेली होती. बादली मोरीत होती. तो मासा काढायला मला दोन मिनिटं लागली असती. मी चमचा हातात धरून बसून राहिले आणि माझ्या मनात एकच विचार आला. बघू दे. अण्णाला आपल्या डोळ्यांनी बघू दे.

पण अण्णा बघत नव्हता. तो सकाळी अप्पांच्या पायाला हात लावून दुकानात जाई, रात्री जेवायला येई, टाकीकडे त्याची पाठ असे. मी सांगायची नाही असं ठरवलं होतं आणि तो विचारत नव्हता. दिवस जात होते. मलमलच्या अंगावरचे डाग वाढले, मग पॉपलीनच्या. खवले निघालेल्या जागी पांढरा कापूस धरल्यासारखं दिसू लागलं. मी रोज बघायची. रोज सकाळी वाटायचं, आज काढू. आणि रोज त्या गल्लीतलं वाक्य आठवायचं.

अप्पाही बघत होते. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच बघायला. तो मासा चिकटला की ते "बा, बा" करत, डाव्या हातानं पट्टी बडवत, टाकीकडे हात करत. आई धावत येऊन पाण्याचा पेला तोंडाला लावी. वैनी भांडं घेऊन येत. अप्पा मान झटकत, चिडत, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई. आई म्हणे, "काय हवंय हो तुम्हाला? शशी, बघ गं, तुला कळतं त्यांचं."

मला कळत होतं. घरात मला एकटीलाच कळत होतं. मी त्यांच्या कॉटपाशी वाकले, चादर सारखी केली आणि म्हटलं, "काही नाही अप्पा. मासे खेळतायत."

त्यांचा हात खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी सहन करू शकले नाही, म्हणून आंबील ढवळायला आत गेले. हे मी एकदा नाही, निदान चार-पाच वेळा म्हटलं. मासे खेळतायत.

मलमल एका सोमवारी मेली. पॉपलीन त्याच आठवड्यात. साटीन आणखी काही दिवस तळाशी आडवी पडून कल्ले हलवत राहिली आणि ती गेली तेव्हा अण्णाच्या लक्षात आलं, तेही अप्पांनी सकाळी जेवण थुंकून टाकलं म्हणून. तो टाकीपुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आई, वैनी, सगळे त्या खोलीत होते.

"पाणी बदललं नाहीस वाटतं," तो म्हणाला. "एवढं एक काम तुझ्याकडे, शशी."

ह्या क्षणासाठी मी कितीतरी दिवस वाक्य तयार ठेवलं होतं. "मी तुला सांगितलं होतं. दुकानात. हा मासा चिकटतो म्हणून सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस."

अण्णानं कपाळाला आठ्या घातल्या. "कधी?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. ती गल्ली, तो म्हातारा, ते प्रोफेसरचं वाक्य, मी महिनोन्‌महिने उराशी धरून बसलेलं सगळं त्याच्या डोक्यातून त्याच दिवशी पुसून गेलं होतं. मला इतका संताप आला की माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कधी म्हणजे? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं! आणि तसंच झालं! मी बघतेय ना रोज. तो मलमलला चिकटला तेव्हापासून बघतेय. महिना झाला बघतेय!"

अण्णानं कमरेवरचे हात खाली घेतले.

"महिना?" अण्णा हळू म्हणाला. "मग काढला का नाहीस?"

आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. वैनींनी तोंडावर पदर घेतला. मी अप्पांकडे पाहायला नको होतं, पण पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते. ते माझ्याकडे बघत होते, जसे गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडातलं छिद्र सापडल्यावर बघत, एकदाच, नीट, आणि मग कापड घडी करून परत देत.

मी जाळी घेतली आणि तो मासा काढला. खरंच दोन मिनिटं लागली. अण्णा तो बादलीतून दुकानदाराला देऊन आला. गॅबर्डीन वाचला, त्याच्या अंगावर डाग होते ते बुजले.

त्या दुपारी मी भात मऊ केला, सारू घातलं, फुंकून निववलं आणि चमचा अप्पांच्या ओठाशी नेला. त्यांनी तोंड मिटलं. मला वाटलं भूक नसेल. संध्याकाळी आंबील नेली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी आईनं चमचा घेतला तेव्हा त्यांनी खाल्लं. आईला फार वेळ बसवत नसे, म्हणून वैनी भरवू लागल्या, आणि वैनींच्या हातून ते शेवटच्या घासापर्यंत खात. मी आठ दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, महिन्यानं केला. एकदा दिवाळीला चिरोटा दुधात भिजवून नेला, तो त्यांना फार आवडे. "अप्पा, चुकले मी," असं म्हटलं. त्यांनी ओठ इतके घट्ट दाबले की हनुवटी थरथरली.

त्यानंतर अप्पा दीड वर्ष जगले. त्यांना पुसणं, कूस बदलणं, कपडे बदलणं सगळं मीच करत होते. ते करू देत, कारण त्याला नाही म्हणायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. तोंड मिटणं तेवढं त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं. कधी वाटतं, आजारी माणूस, त्याचा मेंदूच तो, त्याला कशाचं काय आठवत असणार. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. पण मी त्यांची मुलगी आहे, आणि ते कुणाचं माप कधी विसरले नाहीत.

अप्पा गेल्यावर मी टायपिंग शिकले, यशवंतपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कॉलेजात परत गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. लग्नाची दोन स्थळं आली, दोन्ही वेळा मीच काहीतरी काढून मोडली. अण्णानं पुढे दुकान विकलं, आता तो होसकोटेकडे मुलाजवळ राहतो. आमचं बोलणं कधी तुटलं नाही. तो माझ्याशी चांगलाच वागला, हे मला कधीकधी जास्त जड जातं.

मागच्या वर्षी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये त्याच्या सत्तरीचा कार्यक्रम झाला. त्यानं माइक हातात घेऊन मला स्टेजवर बोलावलं. "माझ्या बहिणीनं अप्पांसाठी शिक्षण सोडलं," तो अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात सांगत होता. "अप्पांना हिनं लहान मुलासारखं सांभाळलं. शेवटच्या दिवसापर्यंत हिनं आपल्या हातानं भरवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं खुणेनं वैनींना पुढे बोलावलं. वैनी गुडघ्यावर हात टेकत दोन पायऱ्या चढल्या, घडी उलगडली आणि शाल माझ्या खांद्यावर घातली. घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी हात जोडले आणि शाल घेतली.